जुने व्हिडिओ खेळ टिकतात का?

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही धुळ्याला बहिणीकडे गेलो होतो. माळ्यावरची साफसफाई चालू असताना पत्र्याच्या एका पेटीत टीव्हीला जोडायचा जुना व्हिडिओ गेमचा संच निघाला. सोबत दोन पॅड, प्लॅस्टिकची एक बंदूक, एक अ‍ॅडाप्टर आणि पिवळ्या वेष्टनातली एक कॅसेट. कॅसेटवर आकडा छापला होता : ९९,९९,९९९ खेळ एकात. असाच एक संच जळगावला आमच्या घरीही होता. आम्ही शिक्षणासाठी बाहेर पडल्यावर एका उन्हाळ्यात तो जुन्या पंख्याबरोबर भंगारवाल्याकडे गेला. त्यामुळे ही पेटी उघडताना आमचे हात थोडे थरथरले, हे कबूल केलेले बरे.

नववीत शिकणारा भाचा शेजारी उभा होता. त्याने विचारले, "मामा, यात एवढं काय होतं?" आम्ही तत्काळ उत्तर दिले, "अरे, आताच्या खेळांना त्याची सर नाही." उत्तर दिल्यानंतर मात्र आम्ही स्वतःशीच ओशाळलो. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने पुराव्याशिवाय असे विधान केले असते, तर आम्ही त्याला परत पाठवले असते. मग घरी हा अपवाद कशाला? भाच्याचा प्रश्न मनापासून होता आणि त्याला मनापासूनच उत्तर द्यायला हवे होते. हा लेख म्हणजे ते उत्तर.

'टिकणे' या शब्दाचे येथे दोन अर्थ आहेत. पहिला वस्तूचा : इतक्या वर्षांनी खेळ चालू होतो का? दुसरा गुणाचा : चालू झाला तर नव्या खेळांसमोर त्यात मन रमते का? या दोन्हींच्या आड एक तिसरा प्रश्न दडलेला आहे. जुन्या खेळांची थोरवी सांगताना आपल्या आठवणीवर कितपत विश्वास ठेवावा? तिन्ही प्रश्न क्रमाने तपासू.

खान्देशातील उन्हाळा आणि पिवळी कॅसेट

जळगाव-भुसावळकडचा मे महिना ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना दुपारी मुलांना घरात कोंडून ठेवण्याची आईबापांची खटपट ठाऊक असेल. पारा ४४-४५ अंशांवर गेला की मैदान रिकामे आणि घर भरलेले. १९९० च्या दशकात अशा दुपारी टीव्हीला जोडलेला खेळ म्हणजे पर्वणी असे. ज्यांच्या घरी संच नव्हता ती मुले चौकातल्या दुकानात तासाचे पैसे मोजून खेळत किंवा चार जणांत वर्गणी काढून संच भाड्याने आणत.

या संचांवरची नावे वेगवेगळी असत, पण बहुतेकांची आतली रचना एकच असे. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे यंत्र बाजारात आणले. तैवान आणि चीनमधील कारखान्यांनी त्याच्या असंख्य नकला केल्या आणि त्या आशिया, पूर्व युरोप, दक्षिण अमेरिका असा प्रवास करत आपल्या बाजारपेठांतही पोचल्या. म्हणजे धुळ्याचा आणि मॉस्कोचा मुलगा एकाच वेळी एकच खेळ खेळत होता, आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हते.

कॅसेटवरच्या आकड्याचीही परीक्षा घेऊ. प्रत्येक खेळ फक्त एक मिनिट खेळायचा ठरवला, तर ९९,९९,९९९ मिनिटे लागतील. वर्षाची मिनिटे ५,२५,६००. भागाकार केला तर उत्तर येते सुमारे १९ वर्षे, तेही न झोपता. प्रत्यक्षात यादीत काही मोजकेच खेळ पुनःपुन्हा येत. कुठे नाव बदललेले, कुठे दुसऱ्या पातळीपासून सुरुवात केलेली. पाचवी-सहावीच्या वर्गाला भागाकार शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. जाहिरातीतला आकडा तपासून पाहण्याची सवय लागते.

चाळीस किलोबाइटांतले जग

ज्या 'सुपर मारियो ब्रदर्स'ने आमच्या कित्येक दुपारी घेतल्या, तो खेळ १९८५ सालचा. त्याची एकूण लांबी ४० किलोबाइट. त्यांपैकी ३२ किलोबाइट प्रोग्रॅमसाठी आणि ८ किलोबाइट चित्रांसाठी. आज १०० गिगाबाइट जागा घेणारे खेळ आहेत. म्हणजे एका नव्या खेळाच्या जागेत जवळजवळ २५ लाख मारियो मावतील. यंत्राची काम करण्याची स्मृती होती २ किलोबाइट. भाच्याच्या फोनमध्ये ती ६ गिगाबाइट आहे, म्हणजे सुमारे तीस लाख पट.

मग आठ किलोबाइटांत डोंगर, ढग, विटा, कासवे, राजवाडा हे सारे बसवले कसे? आपल्याकडच्या जुन्या छापखान्यातील खिळे आठवा. जुळारी प्रत्येक पानासाठी नवी अक्षरे ओतत नसे. खणांतले तेच खिळे उचलून नवी ओळ जुळवत असे. या यंत्रातही चित्राचा 'खिळा' ठरलेला होता : ८ × ८ ठिपक्यांचा चौकोन. प्रत्येक ठिपक्याला २ बिट, म्हणजे चार पर्याय. ६४ ठिपक्यांचे १२८ बिट, म्हणजे १६ बाइट. आठ किलोबाइटांत असे ५१२ खिळे बसतात. पडद्यावरचे सारे जग या ५१२ खिळ्यांतून जुळवलेले आहे. मारियोतील ढग आणि जमिनीवरचे झुडूप नीट पाहा. दोन्हींचा आकार एकच आहे. एकाला पांढरा रंग दिला, दुसऱ्याला हिरवा. लाखो मुलांनी ते वर्षानुवर्षे पाहिले आणि फारच थोड्यांच्या लक्षात आले. आमच्याही आले नव्हते.

जुन्या खेळांची ही पहिली खूण : चणचणीतून आलेला नेटकेपणा. चणचण हा गुण नव्हे, हे मात्र विसरू नये. त्याच यंत्रात एका आडव्या ओळीवर आठांपेक्षा जास्त हलत्या आकृत्या दाखवता येत नसत. मग प्रोग्रॅमर त्या आळीपाळीने दाखवत आणि चित्र लुकलुकत असे. आम्ही तेव्हा टीव्हीच्या पाठीवर थापा मारायचो. दोष टीव्हीचा नव्हता.

यंत्राची मर्यादा, खेळाचा नियम

मर्यादेतून खेळ कसा घडतो याचे सर्वांत सुंदर उदाहरण १९७८ सालच्या 'स्पेस इन्व्हेडर्स'चे. ताइतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी तो तयार केला. पडद्यावर परग्रहवासीयांच्या ५ रांगा, प्रत्येक रांगेत ११, एकूण ५५. खालून खेळाडू त्यांना टिपतो. जसजसे शत्रू कमी होतात तसतसे उरलेले भरभर चालू लागतात आणि शेवटचा एक तर अक्षरशः धावतो.

ही गती प्रोग्रॅममध्ये मुद्दाम घातलेली नव्हती. यंत्रातील प्रक्रियक मंद होता आणि चित्राच्या एका फेरीत एकच शत्रू सरकवला जाई. सेकंदाला ६० फेऱ्या धरल्या, तर ५५ जणांना एकेक पाऊल टाकायला ५५/६०, म्हणजे सुमारे ०.९ सेकंद लागतो. उरला एकच, तर तो दर फेरीला, म्हणजे सेकंदाला साठ पावले टाकतो. निशिकादो यांनी ही गोष्ट पाहिली, ती रंगत वाढवते हे ओळखले आणि तशीच ठेवली. पुढे खेळ जसजसा अंगवळणी पडेल तसतसा तो अवघड होत जावा ही कल्पना व्हिडिओ खेळांचा पायाच बनली. आजच्या वेगवान फोनवर हाच खेळ नव्याने लिहिणाऱ्याला जी मंदगती मुळात फुकट मिळाली होती, ती मुद्दाम हिशेब करून घालावी लागते.

धुळ्याच्या गल्ल्या आणि चार भुते

१९८० साली नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांनी 'पॅकमॅन' आणला. चक्रव्यूहात २४४ ठिपके, ते खात फिरणारा पिवळा गोळा आणि त्याच्या मागे चार भुते. मुलांना वाटते, भुते वाटेल तशी धावतात. तसे नाही. धुळे शहराच्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या डोळ्यांसमोर आणा. समजा, तुम्ही गल्ली नंबर चारमधून पळत आहात आणि चार मुले तुम्हांला पकडायला निघाली आहेत. पहिला, लाल भूत, तुम्ही आहात तिकडेच निघतो. दुसरा, गुलाबी, तुमच्या तोंडाच्या दिशेने चार घरे पुढची जागा गाठू पाहतो, म्हणजे तो आडवा येतो. तिसरा, निळा, आधी तुमच्या दोन घरे पुढचा बिंदू धरतो, लाल भुतापासून त्या बिंदूपर्यंत रेषा ओढतो आणि ती रेषा तितकीच पुढे वाढवून जे टोक येईल तिकडे जातो. चौथा, नारिंगी, आठ घरांपेक्षा लांब असेल तर पाठलाग करतो आणि जवळ आला की घाबरल्यासारखा आपल्या कोपऱ्याकडे वळतो.

चारही नियम दोन-दोन ओळींचे आहेत, पण एकत्र आल्यावर भुतांनी आपसांत कट केल्याचा भास होतो. साध्या नियमांतून गुंतागुंतीचे वर्तन कसे उपजते हे दाखवण्यासाठी यापेक्षा सोपे साधन आम्हांला ठाऊक नाही. शाळेच्या अंगणात फक्कीने चौकोन आखून पाच मुलांकडून हा खेळ करून घेता येतो. वीज लागत नाही.

याच खेळात एक प्रसिद्ध चूकही आहे. पातळीचा क्रमांक आठ बिटांत साठवलेला आहे. आठ बिटांत मोठ्यांत मोठी संख्या २५५. २५६ व्या पातळीला ही मोजणी उलटून शून्यावर येते, फळे काढणारा प्रोग्रॅमचा भाग गोंधळतो आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक अक्षरांनी भरून जातो. स्कूटरचा किलोमीटर दाखवणारा आकडा ९९,९९९ नंतर शून्यावर येतो, तसेच हे. द्विमान पद्धती शिकवताना '२५५ अधिक १ बरोबर शून्य' हे वाक्य फळ्यावर लिहून पाहावे. वर्ग जागा होतो.

सात तुकडे आणि भास्कराचार्य

'टेट्रिस' हा खेळ १९८४ साली मॉस्कोतील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेइ पाजित्नोव यांनी लिहिला. ज्या संगणकावर तो प्रथम चालला त्याच्या पडद्यावर चित्रे काढण्याची सोय नव्हती. चौकोन कंसांची चिन्हे जोडून तुकडे दाखवले होते. चार चौकोन कडेला कड लावून जोडण्याचे, आरशातील प्रतिमा वेगळी मानली तर, नेमके सात प्रकार होतात. हे सात तुकडे पुठ्ठ्यातून कापून मुलांना द्या आणि त्यांचा एक आयत बनवायला सांगा. एकूण चौकोन २८, तेव्हा ४ × ७ चा आयत व्हायला हरकत नसावी असे वाटते. अर्धा तास झटापट होऊ द्या. मग आयत बुद्धिबळाच्या पटासारखा रंगवा : १४ काळे, १४ पांढरे. सहा तुकडे कसेही ठेवले तरी दोन काळे, दोन पांढरे चौकोन झाकतात. टी आकाराचा तुकडा मात्र एका रंगाचे तीन आणि दुसऱ्याचा एक झाकतो. म्हणून बेरीज १५ आणि १३ येणार, १४-१४ कधीच नाही. आयत अशक्य आहे, आणि तसे आपण सिद्ध केले.

याच खेळात जुने आणि नवे यांची थेट तुलना करता येते. जुन्या टेट्रिसमध्ये पुढचा तुकडा कोणता हे जवळजवळ नशिबावर असे. हवा असलेला लांब दांडा कितीतरी वेळ येतच नसे. हायडी बर्जील या गणितज्ञ महिलेने १९९७ साली दाखवले की, दोन नागमोडी तुकडे आलटून पालटून येत राहिले तर कोणताही खेळाडू शेवटी हरतोच. तुकडे पूर्णपणे यदृच्छेने येत असतील, तर अशी मालिका कधी ना कधी येणारच. म्हणजे त्या खेळात हार अटळ आहे. नव्या टेट्रिसने नियम बदलला. सातही तुकडे पिशवीत घालून एकेक काढायचे, पिशवी संपली की पुन्हा भरायची. सात तुकड्यांचे क्रम ७ × ६ × ५ × ४ × ३ × २ × १, म्हणजे ५,०४०. क्रम कोणताही आला तरी लांब दांडा दर पिशवीत एकदा मिळणारच आणि ती घातक मालिका येऊच शकत नाही.

हा गुणाकार खान्देशाला परका नाही. चाळीसगावजवळच्या पाटणशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) अंकपाश नावाचे प्रकरण आहे. शंभूच्या दहा हातांतील दहा आयुधे अदलाबदल करून किती रूपे होतील, असा त्यातला प्रश्न. उत्तर ३६,२८,८००. तोच विचार, दहाऐवजी सात वस्तूंवर. नवा टेट्रिस जुन्यापेक्षा न्याय्य आहे. अधिक चांगला आहे का? नशिबाशी झुंजण्यात मजा मानणारा नाही म्हणेल, कौशल्याची परीक्षा हवी असणारा हो म्हणेल. दोघांचेही म्हणणे बरोबर आहे, कारण हे आता दोन वेगळे खेळ आहेत.

जुना खेळ संपला असे मानू नये याचा पुरावा तर अगदी अलीकडचा आहे. १९८९ साली निन्टेन्डोने आणलेल्या टेट्रिसमध्ये २९ व्या पातळीला तुकडा इतका वेगाने पडतो की तीच माणसाची मर्यादा, असे कित्येक वर्षे मानले जाई. मग खेळाडूंनी पॅड धरण्याच्या नव्या पद्धती शोधल्या. एका पद्धतीत एका हाताचे बोट कळीवर नुसते टेकवून दुसऱ्या हाताच्या बोटांनी पॅडच्या पाठीवर ताल धरतात. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील एका १३ वर्षांच्या मुलाने १५७ वी पातळी गाठली आणि तेथे माणूस नव्हे, प्रोग्रॅमच थांबला. यंत्र चौतीस वर्षांपूर्वीचेच होते, फक्त हात नवे होते.

बंदूक का चालली नाही?

आता पत्र्याच्या पेटीकडे परत येऊ. संच जोडला. कॅसेट घातली, पडदा राखाडी. आम्ही सवयीने कॅसेट काढली, तिच्यात जोराने फुंकर मारली, पुन्हा घातली. चालू झाली! भाचा प्रभावित झाला. पण खरे श्रेय फुंकरेला नव्हते. कॅसेट काढून पुन्हा घातली की धातूच्या पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि संपर्क नव्याने जुळतो. फुंकरेतील ओलाव्याने तर पट्ट्या कालांतराने गंजतात. आम्ही बालपणी हजारदा फुंकर मारली, पण 'फुंकर न मारता नुसती काढून घालू' हा तुलनेचा प्रयोग एकदाही केला नाही. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय, हे सांगायला हे उदाहरण आम्ही हल्ली नेहमी वापरतो.

मग बंदूक. बदके उडाली, चाप ओढला, एकही पडेना. भाच्याने निदान केले की बंदूक बिघडली आहे. बंदूक ठीक होती, टीव्ही बदलला होता. ही बंदूक काही सोडत नाही, उलट प्रकाश घेते. तिच्या नळीत प्रकाशसंवेदी डायोड असतो. चाप ओढताच यंत्र एका फेरीपुरता पडदा पूर्ण काळा करते आणि लगेचच्या फेरीत बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवते. आधी अंधार आणि मग उजेड असा क्रम डायोडला ठरल्या क्षणी दिसला तर नेम लागला. दोन बदके असतील तर दोन चौकोन एकामागून एक दाखवले जातात, त्यावरून कोणते पडले ते कळते. हे सारे सेकंदाच्या काही शतांश भागांत उरकते.

जुन्या टीव्हीच्या कॅथोड किरण नळीत संकेत येताक्षणी ठिपका उजळत असे. नवा एलईडी टीव्ही आलेले चित्र आधी साठवतो, त्यावर प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो. हा उशीर आपल्याला जाणवत नाही, पण बंदुकीला पुरतो. उजेड येईपर्यंत यंत्राने 'नेम चुकला' अशी नोंद केलेली असते. शिवाय मूळ बंदुकीचे मंडल किरण नळीच्या सेकंदाला सुमारे १५ हजार ओळींच्या लुकलुकीलाच दाद देई. म्हणजे खेळ कॅसेटमध्ये होता ही आमची समजूतच अपुरी होती. तो अर्धा कॅसेटमध्ये आणि अर्धा टीव्हीच्या काचेत होता. काच गेली, तेव्हा खेळ अर्धा मेला.

आठवणीची फसगत

मारियोची धून आमच्या कानांत पक्की बसली आहे. काही वर्षांपूर्वी तिचे मूळ जपानी ध्वनिमुद्रण ऐकले तेव्हा वाटले, कोणीतरी घाईने वाजवले आहे. कारण शोधले तेव्हा गंमत कळली. जपान-अमेरिकेतील टीव्हीवर चित्र सेकंदाला ६० वेळा ताजे होई. भारतात पाल पद्धत, ५० वेळा. खेळाचा आणि संगीताचा ठेका चित्राच्या फेऱ्यांवर मोजलेला असे. ६० साठी लिहिलेला खेळ काही बदल न करता ५० वर चालवला, तर तो पाचषष्ठांश गतीने चालतो. मिनिटाचे काम ७२ सेकंदांत. म्हणजे ज्याला आम्ही 'अस्सल' म्हणून जपले, ती एक मंदावलेली नक्कल होती. आमचे विक्रमही तितकेच सवलतीतले.

दुसरी फसगत निवडीची. आपल्याला आठवतात ते निवडक चांगले खेळ. त्या काळी वाईट खेळही ढिगाने निघत. अमेरिकेत १९८३ साली या धंद्याला इतकी मंदी आली की अटारी कंपनीने न विकल्या गेलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे कचराभूमीत पुरल्या. २०१४ साली तेथे उत्खनन झाले आणि त्या खरोखर निघाल्या. जुन्यांतले उत्तम आणि नव्यांतले सरासरी यांची तुलना करून 'आमच्या वेळी' असे म्हणणे सोपे असते.

तिसरी फसगत अवघडपणाची. जुने खेळ अवघड होते म्हणून ते चारित्र्य घडवत, असे म्हटले जाते. नाण्यावर चालणारी यंत्रे अवघड होती, कारण खेळाडू लवकर हरला की दुसरे नाणे पडे. घरच्या संचावरील अनेक खेळ याच वळणाचे. खिशातून पैसे काढण्याची कला आजच्या फोनवरच्या खेळांनी शोधलेली नाही, तेव्हा ती फक्त उघड होती. नाणे हातातून जाताना दिसत असे.

नव्यांचे पारडे

नव्या खेळांच्या बाजूनेही न्याय करू. भाच्याने मारियो खेळताना तिसऱ्यांदा जीव गमावला तेव्हा विचारले, "जिथं मेलो तिथून का सुरू होत नाही?" आम्ही म्हणालो, तसेच असते. हे उत्तर नव्हते. आमच्या लहानपणी वीज गेली की दोन तासांची मेहनत जाई, त्यात कोणताही संस्कार नव्हता. आज खेळ साठवता येतो, अवघडपणा निवडता येतो, रंगांधळ्या मुलांसाठी रंग बदलता येतात, दूरच्या मित्राबरोबर खेळता येते. विषयही आपल्या मातीतले निघू लागले आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या चमूने २०२० साली 'राजी' हा खेळ आणला. त्यात नायक म्हणून भावाला शोधायला निघालेली एक भारतीय मुलगी आहे. आमच्या पिवळ्या कॅसेटमध्ये आपल्यासारखे दिसणारे कोणीच नव्हते.

पण एका बाबतीत नवे खेळ दुबळे आहेत, आणि ती बाब टिकण्याचीच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारने 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर त्याची भारतातील सेवा थांबली. बंदीच्या कारणांत आपण येथे शिरत नाही. तांत्रिक मुद्दा असा की, फोनमध्ये खेळाची प्रत असूनही ती निरुपयोगी ठरली, कारण खेळ फोनमध्ये नव्हताच, तो दूरच्या संगणकावर होता. त्याच्या जागी जुलै २०२१ मध्ये आलेला 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' जुलै २०२२ मध्ये दुकानांतून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. मुलांच्या हितासाठी असे निर्णय घ्यावे लागतात. पण तीस वर्षांनी एखाद्या भाच्याने आजचा खेळ पाहायचा म्हटले, तर पेटीत काय सापडणार?

जुन्यांचीही स्थिती फार बरी नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या पाहणीत असे दिसले की, २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत.

टिकवते कोण?

येथे आम्हांला आपल्याच भागातील तीन गोष्टी आठवतात. पाटण येथील शिलालेख सांगतो की, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापला, आणि १२०७ साली त्याला दान मिळाले. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात मठाच्या खर्चासाठी नेमून दिलेल्या उत्पन्नाचा तपशील आहे. वि. का. राजवाडे यांचे धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी निधन झाले. त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेली कागदपत्रे सांभाळण्यासाठी १९२७ साली धुळ्यातच संशोधन मंडळ उभे राहिले. आणि आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून घेतल्या म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ साली त्या छापल्या गेल्या. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

तिन्ही ठिकाणी वस्तू थोर होतीच, पण नुसत्या थोरपणाने ती आपल्यापर्यंत आली नसती. कोणीतरी शिकवत राहिले, कोणीतरी पेटी सांभाळली, कोणीतरी वहीत लिहून घेतले. व्हिडिओ खेळांची गोष्ट याहून वेगळी नाही. फरक इतकाच की, हे सांभाळण्याजोगे आहे असे अजून आपल्याला वाटत नाही. आमच्या जळगावच्या घरातून संच भंगारात गेला तेव्हा कोणालाच हळहळ वाटली नाही. आम्हांलाही नाही.

शिक्षकमित्रांना म्हणून एक सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्यांना घरातल्या मोठ्यांची मुलाखत घ्यायला सांगा : कोणता खेळ होता, कोठे खेळलात, तासाला किती पैसे पडत, नियम काय होते, घरचे काय म्हणत. मुलींना खेळू देत होते का, हेही जरूर विचारायला सांगा. पाच-पन्नास वह्या जमल्या तर खान्देशातील एका पिढीच्या बालपणाचा असा इतिहास तयार होईल, जो आज कोठेही लिहिलेला नाही. दुसऱ्या वहीत मुलांनी स्वतःच्या आजच्या खेळाचे नियम लिहावेत. सेवा बंद झाली तरी नियम उरतील. त्यावरून कोणी तो पुन्हा रचू शकेल.

आणि भाच्याचे काय झाले? मारियो त्याने जेवणाची हाक येईपर्यंत सोडला नाही. बंदुकीचा खेळ त्याला विनोदी वाटला. टेट्रिसवर मात्र तो आणि त्याची आजी आळीपाळीने बसले. आजीने यापूर्वी कधी पॅड हातात धरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा आपल्या फोनवर होता. आम्ही काही बोललो नाही. निघताना त्याने विचारले, "मामा, ही पेटी इथंच राहू दे ना?"

पेटी धुळ्यातच आहे. त्याने तिच्यावर चिठ्ठी चिकटवली आहे : भंगारात देऊ नये.